दरवर्षी 12 लाख द्यायचे असतील तर

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही चौदा मित्र, बहुतेक सगळे हिंजवडी-खराडीत नोकरीला, दरवर्षी मिळून साधारण 12 लाख काढता, गेली सहा वर्षं त्यातून वह्या-दप्तरं, दिवाळीचा फराळ, थंडीत स्टेशनबाहेर ब्लँकेटं असं चाललंय, आणि आता वाटायला लागलंय की यातून बदलत काहीच नाही, पुढच्या वर्षी तीच माणसं तिथेच बसलेली असतात. मग तीन गोष्टी विचारल्यात: शंभरातले किती रुपये खऱ्या गरजूपर्यंत पोचतात ते कसं ओळखायचं, परिणाम कसा मोजायचा, आणि त्यापेक्षा आपलाच एक ट्रस्ट काढला तर?

तिसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकते. नका काढू. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, मग 12ए (संस्थेच्या करमाफीची नोंदणी), 80जी (देणगीदाराला करसवलत मिळावी म्हणून), दरवर्षीचं ऑडिट, विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट, तो मंजूर व्हायला कधीकधी इतकी वर्षं की तोवर दुसरा विश्वस्त बदलतो. तुमच्यातले दोघं कायमचे सीएच्या ऑफिसात बसतील आणि उरलेले बारा पुढच्या वर्षीपासून व्हॉट्सॲपवर फक्त अंगठा दाखवतील. पुण्यात संस्था कमी नाहीयेत.

पहिल्या दोन प्रश्नांना वेळ लागेल, चहा घेऊन बसा.

मी एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदवी) करून या कामात पडले त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. पहिली अकरा वस्त्यांमधे, मग नऊ वर्षं एका कंपनीच्या सीएसआरमधे (कंपनी समाजकार्यासाठी पैसे काढते तो विभाग) म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या, पैसे देणाऱ्या बाजूला, आणि आता छोट्या संस्थांना हिशोब, प्रपोजल, माणसं टिकवणं यात मदत करते. दोन्हीकडचे गुन्हे माझ्या नावावर आहेत, त्यातला एक सांगते म्हणजे मला काय म्हणायचंय ते लवकर कळेल.

2016 साली आम्ही वेल्ह्यातल्या (आता राजगड तालुका म्हणतात) 42 जिल्हा परिषद शाळांना ई-लर्निंग दिलं. भिंतीवर मोठा टीव्ही, पेनड्राइव्हमधे सगळा अभ्यासक्रम, शाळेमागे सव्वा लाख. उद्घाटनाला नारळ, टोप्या, पोरांचं लेझीम, सगळं. वर्षभराने मी न कळवता गेले. एका शाळेत गुरुजींनी कपाटातून किल्ली काढली, वर्ग उघडला, टीव्हीवर छान शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर. म्हटलं जरा लावून दाखवा. ते नुसते हसले. रिमोट हातात घेतला तर हलका लागला, मागचं झाकण उघडलं, सेल नाहीत. सेल भिंतीवरच्या घड्याळात होते, घड्याळ मात्र अगदी बरोबर वेळ दाखवत होतं. शाळेचं वीजबिल थकलेलं आणि मीटरच काढून नेलेला. गुरुजी शांतपणे म्हणाले, "मॅडम, टीव्ही दिलात, बिल कोण भरणार ते विचारलंच नाहीत की."

आणि मी काय केलं माहितीये का, परत येऊन अहवालात लिहिलं, 42 शाळा, 3,100 विद्यार्थी लाभार्थी. कारण फॉरमॅटमधे तेवढाच कॉलम होता. त्याच्यावर आमच्या कंपनीला कुठलीशी ट्रॉफी पण मिळाली, ती अजून रिसेप्शनला असेल.

आता यात चोरी कुणी केली? कुणीच नाही. तुमच्या हिशोबाने बघितलं तर शंभरातले पंच्याण्णव रुपये "थेट लाभार्थ्यापर्यंत" पोचले, बिलं पक्की, फोटो पक्के. आम्ही घेतलं नाही ते एकच, गावात फिरणारा माणूस. तो असता तर महिना पंचवीस हजार पगार आणि पेट्रोल लागलं असतं आणि तो खर्च ओव्हरहेडमधे (पगार, ऑफिस असा काम चालवायचा खर्च) मोडला असता, म्हणून कापला. पुढे त्याच भागात एका लहान संस्थेच्या दोन कार्यकर्त्यांनी काय केलं तर टीव्ही वगैरे काही न देता शाळा व्यवस्थापन समितीतल्या आयांना ग्रामसभेला न्यायला लागले, शाळेचं बिल ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात टाका म्हणून मागे लागले. दोन वर्षं गेली त्यात. नऊ गावांत जमलं, बाकीच्यांत नाही जमलं. पण त्या नऊ ठिकाणी नंतर मीटर गेला नाही, आणि माझा टीव्ही तिथे चालतो!

म्हणून किती टक्के पोचलं हा प्रश्न मला आताशा फसवा वाटतो. पोचतं वस्तूंच्या बाबतीत. बदल म्हणजे कुणीतरी दहादा चकरा मारणं असतं आणि चकरा मारणाऱ्याला पगार लागतो. आपल्याकडे समाजसेवकाने झोळी लावून उपाशी फिरावं अशी एक गोड कल्पना आहे. गंमत म्हणजे ती कल्पना असलेले लोक स्वतःच्या अप्रायझलला पंधरा टक्क्यांवर नाराज असतात. (तुम्हाला नाही म्हणत. बरं, थोडंसं म्हणतेय.) गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1905 मधे इथे पुण्यातच भारत सेवक समाज काढला तेव्हासुद्धा पूर्ण वेळ देणाऱ्या सदस्यांना निर्वाहापुरतं मानधन ठरवलेलं होतं, कारण घर चालवायला पैसे लागतात हे त्यांनाही ठाऊक होतं.

ओव्हरहेडबद्दल एक गैरसमज इथेच मोडते, कारण तुमच्यातल्या कुणाच्या तरी कंपनीत तो नक्की ऐकला असेल. सीएसआरच्या नियमात 5 टक्क्यांची मर्यादा आहे ना, ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चाला आहे, संस्थेच्या पगारांना नाही. पण कंपन्या तीच पट्टी संस्थेला लावतात आणि संस्था घाबरून अकाउंटंटला कागदावर "प्रशिक्षक" करून टाकते. म्हणजे खोटं बोलायला आपणच शिकवायचं आणि मग पारदर्शकता नाही म्हणून ओरडायचं.

आता आकड्यांकडे या, इथे खरी मेख आहे. देशभरातल्या सगळ्या कंपन्यांचा मिळून सीएसआर 2023-24 मधे जवळपास 35 हजार कोटी होता. प्रचंड वाटतो. एकट्या पुणे महापालिकेचं 2025-26 चं बजेट 12,618 कोटींचं, आणि महाराष्ट्र सरकारचं त्या वर्षाचं साधारण 7 लाख कोटी. म्हणजे अख्ख्या देशाचा सीएसआर एका आपल्या राज्याच्या बजेटच्या पाच टक्के होतो. तुमचे 12 लाख यात कुठे दिसतील? वह्या घ्यायच्या म्हटल्या तर तुम्ही सरकारशी वह्या वाटण्याच्या शर्यतीत उतरताय आणि त्यात कायम हरणार.

पण तुमच्या पैशाकडे एक गोष्ट आहे जी त्या 35 हजार कोटींकडे नाही. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. सीएसआरला कंपनी कायद्याची सातवी अनुसूची (कशावर खर्च चालेल त्याची यादी) बघावी लागते, 31 मार्च बघावा लागतो, एचआरला व्हॉलंटियरिंगसाठी जागा आणि फोटोसाठी बॅनर लागतो, आणि कामगारांची संघटना, माहिती अधिकार, रेशनवरून तहसीलदाराशी भांडण असला विषय निघाला की कंपनीच्या कमिटीत सगळे एकदम पाणी प्यायला लागतात. परदेशी पैशाचं म्हणाल तर एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, त्याच्या 2020 च्या दुरुस्तीनंतर मोठ्या संस्थेने तो पैसा पुढे छोट्या संस्थेला द्यायचाच नाही असं झालं, प्रशासकीय खर्च पण 50 वरून 20 टक्क्यांवर आणला. गावातल्या, वस्तीतल्या बारक्या संस्था तिथेच आटल्या. सरकारी पैशाला तर टेंडर. म्हणजे सगळ्यात मोकळा पैसा कुणाकडे आहे तर तुमच्यासारख्यांकडे, आणि तो तुम्ही वापरताय कशाला, तर ज्याला कुणीही हसत पैसे देईल अशा गोष्टीला, ब्लँकेटला.

पुण्यातच याची शाळा आहे. जोतीराव-सावित्रीबाईंनी 1848 मधे भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली हे आपल्याला पाठ असतं. पण 1882 मधे हंटर कमिशनपुढे (इंग्रज सरकारने शिक्षणासाठी नेमलेला आयोग) जोतीरावांनी काय मागितलं ते फारसं कुणी सांगत नाही. आणखी शाळांना देणग्या द्या असं नाही मागितलं. ते म्हणाले की सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि शिक्षणावरचा खर्च जातो वरच्या वर्गांकडे, तर निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. स्वतः शाळा चालवून दाखवली आणि मग ज्याचं काम आहे त्याच्या दारात हिशोब मांडला. पुढे गोखल्यांनी 1911 मधे सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक आणलं, ते पडलं. हक्क म्हणून कायदा लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. आता मला सांगा, तीन वर्षांच्या प्रोजेक्टचा एन्डलाइन सर्व्हे (शेवटी काय बदललं ते मोजणारा) यात कुठे बसवायचा?

दुसरं उदाहरण अगदी मार्केट यार्डातलं. हमालाच्या पाठीवरचं पोतं बघून कुणालाही दया येईल, औषधपाणी वाटावंसं वाटेल. बाबा आढावांनी हमाल पंचायत बांधली, आणि राज्यात माथाडींच्या लढ्यातून 1969 चा कायदा आला. तो कायदा मला फार आवडतो कारण त्यात परोपकार औषधालाही नाही: माल ज्याचा त्या व्यापाऱ्याने हमालीच्या वर लेव्ही भरायची, ती माथाडी मंडळाकडे जाते, त्यातून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, बोनस. हमालाला हात पसरावा लागत नाही. अंमलबजावणीत भानगडी आहेत, भरपूर आहेत, पण भानगडीवर भांडायला कायदा तरी आहे.

आणि तिसरं तुमच्या दारात रोज सकाळी येतं. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातले लोक नव्वदच्या सुमाराला कचरा वेचणाऱ्या मुलांना शिकवायला म्हणून गेले. तिथे कळलं की मुलांचा प्रश्न पाटी-पेन्सिलचा नाहीये, आईला उकिरड्यात हात घालावा लागतो आणि वर चोर म्हणून हाकललं जातं हा आहे. त्यातून 1993 मधे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली, बायकांना महापालिकेचा शिक्का असलेली ओळखपत्रं मिळाली, मग आरोग्य विमा, आणि 2008 मधे स्वच्छ ही त्यांच्याच मालकीची सहकारी संस्था, महापालिकेशी करार करून. आज साडेतीन हजारांच्या वर लोक त्यात आहेत. तुम्ही महिन्याला जे घरटी पैसे देता ती देणगी नाही, तिच्या कामाचा दर आहे. तो द्यायला सोसायटीच्या मीटिंगमधे किती खळखळ होते ते मला माहितीये, माझ्याच सोसायटीत दिवाळीला बाईला साडी द्यायला सगळे तयार आणि दर वाढवायचा ठराव तीनदा पुढे ढकललेला.

याच कामातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. वस्तीत असताना एका देणगीदाराने दोनशे जोड जाड हातमोजे पाठवले. मी हौसेने वाटले. आठवड्याने एका मावशींना विचारलं मोजे कुठायत, तर म्हणाल्या नातवाने गाडी पुसायला नेले. मी जरा चिडलेच. मग त्यांनी माझा हात धरला आणि ढिगातल्या दोन पिशव्या माझ्या बोटांत दिल्या, "चुरगाळ बघू. ही कुरकुरती, ही नाय कुरकुरत. हिला भाव येगळा, तिला येगळा. ते तुझं मोजं घालून मला काय कळायचं?" बोटं हीच त्यांची वजनकाटा आणि भावाची पाटी होती. आणि मग म्हणाल्या, "काय द्यायचंच आसंल तर वर पत्रा दे, पावसात माल भिजतो, अन् बायांना मुताया जागा दे." वर्गीकरणाला शेड आणि शेजारी संडास. शेड मिळायला महापालिकेत अडीच वर्षं खेटे घालावे लागले, तेही एका कोपऱ्यात, पुलाखाली. मोजे दोन दिवसांत मिळाले होते.

आम्ही त्यांना आधी विचारलं का नव्हतं? वेळ नव्हता, प्रपोजल शुक्रवारी द्यायचं होतं. इतकं साधं कारण असतं बहुतेक वेळा.

मोजण्याबद्दल. मी मोजण्याच्या विरुद्ध नाही, उलट जिथे नीट मोजलं गेलं तिथे काय होतं ते गडचिरोलीत दिसलं. बंग दांपत्याच्या सर्च या संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून 39 गावांत घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, तुलनेसाठी दुसरी गावं ठेवली, बाळांचे मृत्यू एकेक करून नोंदवले, दर निम्म्याहून जास्त खाली आला आणि 1999 मधे ते लॅन्सेट या डॉक्टरांच्या नामांकित नियतकालिकात छापून आलं. म्हणूनच पुढे देशभरातल्या आशाताईंच्या कामात ती पद्धत सरकारला घेता आली. पण बघा, ते मोजमाप देणगीदाराला खूश करायला नव्हतं. सरकारला आणि डॉक्टरांना नाही म्हणायला जागा उरू नये म्हणून होतं. आणि त्याला वर्षानुवर्षं लागली.

बहुतेक संस्थांकडून आपण मोजून घेतो ते म्हणजे हजेरीपत्रक. आरोग्य शिबिरात 800 लोकांचे डोळे तपासले. बरं, मोतीबिंदू किती जणांना निघाला, त्यातल्या किती जणांचं ऑपरेशन झालं, न झालेल्यांचं का नाही झालं, सोबत यायला माणूस नव्हता की त्या दिवसाची मजुरी बुडत होती? इथपर्यंत विचारा, तिथे खरी माहिती सुरू होते. तुम्ही 12 लाख देणारी माणसं, तुम्हाला चाळीस पानी इम्पॅक्ट रिपोर्ट नकोय, तो लिहायला त्यांचा एक माणूस महिनाभर अडकतो. त्यापेक्षा वर्षातून दोनदा अर्धा दिवस जाऊन बसा आणि विचारा की यंदा काय फसलं. ज्या संस्थेला याचं उत्तर पटकन आणि न लाजता देता येतं तिला मी डोळे झाकून पैसे देईन. "आमचं सगळंच छान चाललंय" म्हणाले की जपून.

आमच्या क्षेत्राचीही धुणी धुवायला हवीत. संस्थापक सत्तरी ओलांडली तरी चेकबुक सोडत नाहीत, विश्वस्त मंडळात मेहुणा आणि भाची असते, वस्तीतली बाई वीस वर्षं "सेविका" राहते आणि इंग्रजी येणारी पोरगी दोन वर्षांत प्रोग्राम मॅनेजर होते. आणि हल्ली "सिस्टीम चेंज" हा शब्द निघालाय. मागे कोरेगाव पार्कातल्या एका हॉटेलात दोन दिवस आम्ही भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवत होतो, सिस्टीमचा नकाशा म्हणून, आणि ज्या सिस्टीमबद्दल बोलत होतो त्यातला एकही माणूस खोलीत नव्हता, चहा देणारा सोडला तर.

वाटप अगदीच वाईट असंही माझं म्हणणं नाही हं. पूर आला, आग लागली, लॉकडाऊनमधे रेशन संपलं तेव्हा पोटाला अन्नच लागतं. 1877 च्या दुष्काळात जोतीरावांनीही धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र चालवलंच. फक्त दर डिसेंबरला तीच आपत्ती येत असेल तर ती आपत्ती नाही, रात्र निवाऱ्यांचा प्रश्न आहे, आणि निवारा देणं हे महापालिकेचं काम आहे. तो रात्री उघडा असतो का, बायकांना वेगळी जागा आहे का, हे बघायला आणि त्यावर अर्ज करत राहायला माणूस लावा. ब्लँकेटपेक्षा कमी पैशात होईल, फोटो मात्र येणार नाही.

तर मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं. 12 लाख दहा ठिकाणी वाटले नसते. दोन संस्था, फार तर तीन. कुठल्या ते नावानिशी सांगणार नाही, त्यात माझे लागेबांधे आहेत. लहान बघा, ज्यांचं वर्षाचं बजेट पन्नास लाखांच्या आत आहे, तिथे तुमच्या चार-पाच लाखांनी खरंच फरक पडतो. ऑडिट झालेला ताळेबंद आणि उत्पन्न-खर्च पत्रक, शेड्युल 8 आणि 9 म्हणतात त्याला, ते मागा, लाजू नका. त्यात पगाराचा आकडा मोठा दिसला तर घाबरू नका, उलट फार लहान दिसला तर विचारा की मग काम करतंय कोण. ज्यांच्यासाठी काम चालतं त्यातलं कुणी सभासद, पदाधिकारी, निदान पगारी आहे का ते बघा. आणि एक प्रश्न नक्की: तुमचं हे काम खरं कुणाचं आहे आणि त्यांच्याकडून ते करून घ्यायला तुम्ही काय करताय?

आणि मग पैसे न बांधता द्या. म्हणजे यातून अमुकच घ्या असं न म्हणता, तीन वर्षांसाठी, लेखी. तीन वर्षांचा शब्द असला की संस्था चांगला माणूस नोकरीला ठेवू शकते, अकरा महिन्यांच्या करारावर कोण येणार आणि आलेला दुसरीकडे अर्ज टाकत बसणार. हे भोळेपणाचं वाटेल, पण मुक्तांगण 1986 मधे सुरू झालं तेव्हा व्यसनमुक्ती चालते की नाही हे कुणाला ठाऊक होतं? पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानने तरी पैसे दिले. चालेल याची खात्री असलेल्या कामाला बँकही कर्ज देते.

यातले काही पैसे बुडतील. माझे अंदाज तीनातला एक चुकला असेल, आणि मी हे पोटापाण्यासाठी करत होते. ग्रुपमधे आधीच बोलून ठेवा, नाहीतर पहिल्या फसलेल्या कामाला दोघं जण "मी तेव्हाच म्हटलं होतं" करतील आणि पुढच्या वर्षी परत फराळ.

80जीचं विचारलं नाहीत पण विचारालच: वजावट फक्त जुन्या कररचनेत मिळते, रोख 2,000 च्या वर चालत नाही, आणि संस्थेकडून देणगीचं सर्टिफिकेट घ्या. नव्या रचनेत गेलेले असाल तर हा विषयच संपला आणि मार्चची घाईही संपली. मग पैसे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात द्या. कंपन्यांचे करार मार्चला संपतात, नवे सह्या होईपर्यंत ऑगस्ट उजाडतो, शाळा मात्र जूनच्या मध्याला उघडलेली असते. मधल्या त्या चार महिन्यांत कार्यकर्त्यांचे पगार थकतात आणि चांगली पोरं सोडून जातात ती याच दिवसांत.